गॉयबान तोडा म्हणणाऱ्यांनी आधी महिनाभर होर्बहून ये-जा करावी

होर्बवाला

गॉयबान म्हणजे श्टुटगार्टहून होर्बमार्गे झिंगन आणि झुरिकला जाणारी रेल्वेलाइन. ती आता श्टुटगार्टच्या फायहिंगन या उपनगरातच तोडायचं घाटतंय. तिथून हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य स्टेशनाला, एस-बान या शहरी लोकलने जायचं. परवा श्टुटगार्टच्या मराठी ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी त्यावर पोस्ट टाकली. नाव घेत नाही, मजकूर तेवढा देतो: "गॉयबान फायहिंगनला तोडली तर एवढी बोंबाबोंब कशाला? पुढे एस-बान आहेच की. एस१, एस२, एस३, जी येईल ती पकडा, पंधरा मिनिटांत हाउप्टबानहोफ. खेड्यात राहायची हौस आहे ना, मग सोसा." खाली अंगठ्यांची रांग. अंगठेवाले सगळे शहरातले. त्यांनी होर्ब फक्त इंडिकेटरवर वाचलेलं.

तिथे चार ओळींत उरकणं जमणार नव्हतं, म्हणून इथे धागा काढतोय.

अहो, फायहिंगनला संपणारी गॉयबान ही मेनलाइन राहतच नाही. तो फाटा झाला. या गाडीत बसतं कोण ते तरी बघा. ब्योब्लिंगनचे कारखान्यातले लोक, हेरेनबेर्गची कॉलेजची पोरं, होर्बला आमच्यासारखे दोघंही नोकरी करणारे संसार. पुढे रॉटवाइल. मग टुटलिंगन, जिथले चिमटे-कात्र्या जगभरच्या ऑपरेशन थिएटरात आहेत. मग झिंगन, शाफहाउझन आणि झुरिक. माझ्या डब्यात एक टुटलिंगनचा गृहस्थ असतो, नमुन्यांची ॲल्युमिनियमची पेटी मांडीवर घेऊन. वर रॅकवर कधी ठेवत नाही. गाडीला झोल बसला की दोन्ही हातांनी कवटाळतो. त्याला हाउप्टबानहोफला मानहाइमची गाडी गाठायची असते. आता त्याने ती पेटी सकाळी साडेसातच्या एस-बानमध्ये घुसवायची, तुम्ही अंगठा दिलात म्हणून.

आणि ते पालुपद, "थोड्या वर्षांचाच तर प्रश्न आहे". याच लाइनचा इतिहास वाचा की जरा. १९४६ मध्ये फ्रेंचांनी युद्धाची भरपाई म्हणून होर्बच्या पुढचा दुसरा रूळ उखडून नेला. ऐंशी वर्षं होत आली, पुढे टुटलिंगनपर्यंत बहुतेक ठिकाणी अजून एकच रूळ आहे. होर्ब ते नेकारहाउझन असा सहाएक किलोमीटरचा तुकडा दुहेरी करायला घेतला, तोही आत्ता आत्ता. १९९६ मध्ये लुगानोला जर्मनी-स्वित्झर्लंडचं ठरलं, श्टुटगार्ट ते झुरिक सव्वादोन तासांत. आजही तीन तासांच्या आसपासच लागतात. श्टुटगार्ट २१, म्हणजे जुनं टर्मिनस काढून भुयारी स्टेशन बांधायचा प्रकल्प. त्याच्या जुन्या आराखड्यात ही लाइन काही महिने तुटणार होती. आता म्हणे विमानतळाकडे जाणारा फाफनश्टाइगचा नवा बोगदा होईपर्यंत. तो २०३२ च्या आधी होईल असं खुद्द बांधणारेही म्हणत नाहीत.

ज्या लाइनचा रूळ ऐंशी वर्षांत परत आला नाही, तिला "जरा थांब, पुढे बघू" म्हणणाऱ्यावर मी का विश्वास ठेवावा, एवढंच सांगा.

फिल्डरचा_मिल्या

ते सद्गृहस्थ मीच. नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं रे, मी काही लपून बसलेलो नाही.

"सोसा" हा शब्द उद्धट होता, तो सोड. मुद्दा तोच आहे. तू निम्मी गोष्ट सांगतोस. लाइन का तोडावी लागते ते गाळलंस. मिटनाख्टश्ट्रासं नावाचं नवं एस-बान स्टेशन होतंय, त्याचे रूळ जिथून नव्या बोगद्यात उतरतात तिथेच गॉयबानचा जुना भराव आडवा पडलाय. तो हटवल्याशिवाय एस-बान जोडताच येत नाही. आणि जुनं टर्मिनस गेलं की वरचे रूळ जाणार कुठे, हवेत?

दुसरं. २७ नोव्हेंबर २०११ ला अख्ख्या बाडेन-व्युर्टेमबेर्गने मत दिलं. ५८.९ टक्के लोकांनी प्रकल्पातून बाहेर पडायला नकार दिला. तुझ्या रॉटवाइल-टुटलिंगनच्या लोकांनीसुद्धा दिलं असेलच की मत. लोकशाहीत हरल्यावर पुन्हा पुन्हा तीच मॅच खेळायची नसते.

तिसरं, बोगदा झाला की फायदा कोणाला? अकराएक किलोमीटरचा बोगदा, ब्योब्लिंगनच्या बाजूने शिरायचं आणि थेट विमानतळावर निघायचं. होर्बहून बॅग घेऊन बसलास की गाडी न बदलता विमानतळ, पुढे त्याच गाडीने नवीन हाउप्टबानहोफ. आज तुला काय करावं लागतं? फायहिंगनला उतरून एस-बानच. तेव्हा नाही ओरडलास.

रूळवेडा

दोघांनाही थोडा विदा पुरवतो, मग भांडा.

मिल्या, भरावाचा मुद्दा बरोबर. पण भराव काढायचा म्हणजे गाड्या फायहिंगनलाच थांबवायच्या, असं त्यातून निघत नाही. उत्तरेला तात्पुरता थांबा बांधा ही मागणी कधीची आहे. शिवाय २०१० च्या शरद ऋतूत ज्येष्ठ राजकारणी हायनर गाइसलर या प्रकल्पाच्या वादात मध्यस्थीला बसले होते, टीव्हीवर दिवसच्या दिवस चाललं होतं. ३० नोव्हेंबर २०१० च्या त्यांच्या निवाड्यात स्पष्ट लिहिलंय की गॉयबान निसर्ग, पर्यावरण आणि वाहतूक या तिन्ही कारणांनी राखायची आणि उत्तरेच्या फॉयरबाख स्टेशनासारख्या मार्गाने भुयारी स्टेशनाला जोडायची. २०११ ला ज्यांनी प्रकल्पाला मत दिलं त्यांच्यातल्या अनेकांनी हे ऐकून दिलं. त्यामुळे मतदानाची ढाल या मुद्द्यावर पुढे करू नये.

आता सर्वांत महत्त्वाचं, जे दोघांनीही लिहिलं नाही. एस१ ते एस६ या सगळ्या एस-बान लाइन्स हाउप्टबानहोफ ते श्वाबश्ट्रासं स्टेशन एकाच बोगद्यातून जातात. तिथे एक गाडी बिघडली की सगळा जिल्हा लटकतो. २०२१ पासून काही उन्हाळ्यांत तो बोगदा सुट्टीत दुरुस्तीसाठी बंद ठेवला, तेव्हा एस-बान कुठून वळवली? वरच्या पॅनोरमाबानवरून. म्हणजे गॉयबानच्या याच तुकड्यावरून. तो तुटला की बोगद्याला पर्यायच उरत नाही. हा त्रास होर्बचा नाही, तुझ्या फिल्डरचा, म्हणजे विमानतळाकडच्या भागाचा आहे.

अवांतर: १९९९ ते २०१० या लाइनवर वळणावर झुकणारी आयसीई-टी धावायची. रूळ वाकडे तर गाडीच झुकवू, असा तो हिशेब. २००८ मध्ये आसांच्या भानगडीमुळे झुकणं बंद केलं, मग गाडीच काढली. इटालियन-स्विस चिझालपिनो ही झुकणारी गाडीही येऊन गेली. रूळ सरळ करायचा सोडून सगळं करून झालंय इथे.

फिल्डरचा_मिल्या

गाइसलरांचा निवाडा कायदा नव्हता. सल्ला होता.

रूळवेडा

आणि लुगानो काय होतं? तोही सल्लाच निघाला.

झुरिककर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पलीकडून एक शंका: तुम्ही लोक फायहिंगनवरून भांडताय, पण झिंगनचं काय? गाडी तिथे उलटी फिरते. चालक डबे ओलांडून दुसऱ्या टोकाला जातो, ब्रेक तपासतो, प्रवासी घड्याळं बघतात. वळसा टाळणारा छोटा रूळ घाला म्हणून वर्षानुवर्षं बोलणं चालू आहे. झिंगनवाल्यांना भीती की मग मोठ्या गाड्या मुख्य स्टेशनात येणारच नाहीत. म्हणजे टोकाला झिंगन म्हणतं आमच्याकडे थांबाच, आणि दुसऱ्या टोकाला होर्ब म्हणतं फायहिंगनला थांबू नका.

इकडे गाडी उशिरा आली की तिची वाट न बघता पुढची स्विस गाडी वेळेवर सोडतात. एकाच रुळावर समोरची गाडी येईपर्यंत उभं राहायचं हे स्विस वेळापत्रकात बसतच नाही हो. जाता जाता, आम्ही आमच्या बाजूची कामं करून ठेवलीत.

होर्बवाला

झुरिककर, "आम्ही" कधीपासून? पासपोर्ट आला वाटतं. :)

मिल्या, विमानतळाचा मुद्दा घेतला. बोगदा झाला तर टुटलिंगनच्या माणसाला खरंच सोयीचं आहे, हे कबूल. पण तू वर्षातून कितीदा विमानात बसतोस आणि मी आठवड्यातून कितीदा ऑफिसात जातो? झुरिकहून येणाऱ्यालाही, त्याच्या गावाला स्वतःचा विमानतळ असताना, श्टुटगार्टच्या विमानतळात काय रस? मेनलाइन लोक जिथे जातात तिथे न्यावी, कागदावर रेघ सुंदर दिसते म्हणून विमानतळावर नव्हे.

आरती_ब्योब्लिंगन

मी गॉयबानने जाते, तरी सांगते, तोडा एकदाची.

कारण घरं. जुने रूळ उखडले की तिथे रोझेनश्टाइन वसाहत होणार आहे. महापालिकेने ती जमीन २००१ मध्येच विकत घेऊन ठेवलीये. हजारो वोनुंग, म्हणजे फ्लॅट होतील. इथे कुणी अलीकडे श्टुटगार्टमध्ये घर शोधलंय का? आम्ही दोघं, एक लहान मुलगी, दोन पगार, शूफा (पतअहवाल) स्वच्छ. एका घराच्या बेझिश्टिगुंगला, म्हणजे घर बघायला, जिन्यावर खालपर्यंत रांग होती. प्रत्येकाच्या हातात फाइल, फाइलच्या पहिल्या पानावर कुटुंबाचा हसरा फोटो. एकाने तर कुत्र्याचा वेगळा बायोडेटा आणला होता. घरमालकीणबाईंनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही रोज मसाल्याचं शिजवता का?" नवरा म्हणाला, नाही, फक्त रविवारी. मी त्याला जिन्यातच झापला, कारण खोटं बोलूनही घर मिळालं नाहीच.

शेवटी ब्योब्लिंगन. तेही ओळखीने. त्यामुळे होर्बच्या एकाला वर्षभर एक जादा बदल आणि हजारो कुटुंबांना छप्पर, यात मला निवडायला सांगाल तर छप्पर.

होर्बवाला

वर्षभर? आरतीताई, वर वाचलंत ना? २०३२ म्हणजे वर्षभर?

आणि ती घरं कधी? नवीन स्टेशन आधी २०१९ ला उघडणार होतं, मग २०२१, मग २०२५, मग डिसेंबर २०२६. नोव्हेंबर २०२५ मध्ये डॉइचे बान या रेल्वे कंपनीने तेही होणार नाही म्हणून सांगितलं. वरचे रूळ त्यानंतर निघणार, त्यानंतर माती, त्यानंतर आराखडे. तुमची मुलगी तोवर कॉलेजात जाईल. तिला घर लागेल तेव्हा तिचं रोझेनश्टाइनचं भाडं कोण भरणार ते बघा. ती घरं तुमच्या-माझ्यासारख्यांना मिळणार आहेत, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

आरती_ब्योब्लिंगन

हे बरं आहे. स्वतः होर्बला मोठं घर, बाग, गॅरेज, आणि दुसऱ्याला सांगायचं तुला घर मिळणारच नाही, मग कशाला बांधायचं.

होर्बवाला

बाग नाहीये. दोन कुंड्या आहेत. आणि होर्बला मी हौसेने गेलो नाही, श्टुटगार्टची वार्ममीटे (हीटिंगसकट भाडं) परवडत नव्हती म्हणून गेलो. गाडी थेट जाते हे बघून गेलो! गाडी हाच माझ्या घराचा निम्मा करार होता. तो आता एकतर्फी मोडताय.

फिल्डरचा_मिल्या

म्हणजे शेवटी हेच ना. तुझं भाडं वाचावं म्हणून एका शहराने मधोमध रुळांचा पट्टा मोकळा ठेवायचा. मग सरळ म्हण की, पेटीवाल्या काकांना कशाला मध्ये आणतोस.

होर्बवाला

आणि तुझी बाल्कनी विमानतळाजवळ म्हणून सगळ्या दक्षिण बाडेन-व्युर्टेमबेर्गने विमानतळावर उतरायचं. हिशेब बरोबर झाला.

सुमनकाकू_डेगरलोख

मुलांनो, मी इथे आले तेव्हा तुमच्यातल्या निम्म्यांचा जन्म नव्हता, त्यामुळे जरा ऐका.

१९८५ च्या आधी ब्योब्लिंगनला जायला बोगद्यातली एस-बान नव्हतीच. आम्ही याच वरच्या लाइनने जात होतो. वेस्टबानहोफला गाडी थांबायची. बोगदा झाला, वेस्टबानहोफ बंद पडला. तेव्हाही सांगितलं होतं की एस-बान आहे ना, मग वरचं कशाला. आज तोच बोगदा भरून वाहतो म्हणून वरचं हवंय. मला यात शहाणपण कुणाचंच दिसत नाही.

आरती, घराचं तुझं खरं आहे. पण मसाल्याचं म्हणशील तर दोष एकट्या मालकिणीला देऊ नकोस. आपली मंडळी केअरवोखं, म्हणजे आळीपाळीने येणारा जिना-सफाईचा आठवडा, पाळत नाहीत ही तक्रार मी पंचवीस वर्षं ऐकतेय, आणि दर वेळी माझीच मान खाली जाते. दाराला पाटी अडकवली की त्या आठवड्यात जिना, तळघराची वाट आणि फुटपाथ आपला. एवढं सोपं आहे. आमच्या इमारतीत एक पुण्याचं जोडपं आलं, हुशार, नम्र. पाटी दाराला आली की ते गुपचूप शेजारच्या दाराला लावायचे. शेजारीण जर्मन, ऐंशीची, तिला वाटायचं आपणच विसरलो, आणि ती म्हातारी दर आठवड्याला जिना पुसायची. पुढच्या मराठी कुटुंबाला तो फ्लॅट मिळाला नाही यात नवल काय?

आरती_ब्योब्लिंगन

काकू, आदर आहे, पण हे फार झालं. एका जोडप्याने पाटी सरकवली म्हणून सगळ्यांना घर नाकारायचं? जर्मन भाडेकरू काय सगळे जिना पुसतात? आमच्या खालचा तर पाटी आली की सुट्टीवरच जातो. त्याला कोण काय म्हणतं?

सुमनकाकू_डेगरलोख

त्याला मी म्हटलं असतं.

रूळवेडा

धागा जिन्यावर चढला.

झुरिककर

आमच्याकडे जिन्याला माणूस ठेवतात. पण वॉशिंग मशीनचा वार ठरलेला असतो, त्यावरून घटस्फोट झालेत.

कट्टर_कोथरूड

केअरवोखं म्हणजे गुलामी आहे. भाडं द्यायचं आणि वर त्यांचा जिनाही आपणच पुसायचा? मी पहिल्याच महिन्यात सांगितलं, करारात दाखवा. करारात होतं. मग एका सफाईवाल्याला पैसे देऊन मोकळा झालो. स्वाभिमान राहिला.

सुमनकाकू_डेगरलोख

स्वाभिमान नाही, जिना राहिला स्वच्छ. तेवढंच हवं होतं त्यांना.

आरती_ब्योब्लिंगन

मुद्दा जिना नाहीये!! मुद्दा हा आहे की घरंच कमी आहेत म्हणून मालकांना असे नखरे परवडतात. दहा घरं रिकामी असती तर कुणी मसाल्याचं विचारलं असतं का? म्हणून जमीन हवी. जमीन रुळांखाली आहे. इतकं सोपं आहे, पण इथे सगळ्यांना एकतर गाड्यांचं वेड नाहीतर फडक्याचं.

कट्टर_कोथरूड

मग सगळे ब्योब्लिंगन-झिंडेलफिंगनमध्येच का घुसतात? कारण तिथे गणपती, तिथे ढोल, तिथे भाजणीची पिठं. शंभर मराठी कुटुंबं एकाच पोस्टकोडमध्ये घर शोधणार आणि मग म्हणणार टंचाई. रॉटवाइलला बघा, घरं मिळतात.

आरती_ब्योब्लिंगन

रॉटवाइलहून यायचं कशाने? गॉयबानने ना? जी फायहिंगनला तोडायची आहे?

होर्बवाला

धन्यवाद आरतीताई. माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. :)

आरती_ब्योब्लिंगन

टोमणे नकोत. माझं मत बदललेलं नाही. मी म्हणतेय बोगदा आधी बांधा, मग तोडा. तोडायचीच.

संपादक

वैयक्तिक शेरे आवरा. जिना, फडकी आणि पिठं यांसाठी वेगळा धागा काढावा. इथे गॉयबान.

फिल्डरचा_मिल्या

बरं, मूळ विषय. "बोगदा आधी, मग तोडा" याला माझी काय हरकत असणार? हरकत ही की बोगद्यालाही पैसे लागतात, आणि प्रकल्प आधीच करारातल्या साडेचार अब्ज युरोंवरून अकरा अब्जांच्या वर गेलाय. जादा खर्च डॉइचे बाननेच सोसायचा असा निकाल श्टुटगार्टच्या प्रशासकीय न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. म्हणजे महापालिका आणि राज्य हात झटकून मोकळे, आणि बान म्हणते आता एक पैसा जास्त नाही. अशा वेळी मध्ये आणखी एक तात्पुरता थांबा, आणखी एक पूल, आणखी दोन कोर्टकेसेस? डॉइचे उमवेल्टहिल्फे ही पर्यावरणसंस्था कोर्टात गेलीच आहे. सगळ्यांनी सगळं अडवायचं आणि मग म्हणायचं उशीर झाला.

तू म्हणतोस तात्पुरतं कायमचं होतं. मी म्हणतो, अडवलेलंही कायमचं होतं.

रूळवेडा

उमवेल्टहिल्फेचा मुद्दा अडवण्याचा नाही. चालू असलेली रेल्वेलाइन बंद करायची तर कायद्यात रीतसर प्रक्रिया आहे. इथे लाइन बंद करतोय असं कुणी म्हणतच नाही, म्हणतात "जोडणी खंडित". कागदावर लाइन जिवंत, गाडी मात्र येत नाही. त्यांनी बोट ठेवलंय ते यावर. कोर्टाने मानो न मानो, प्रश्न खरा आहे.

आणि मिल्या, एक सांग. फाफनश्टाइगच्या बोगद्याची कल्पना २०२० ची. त्याआधी गॉयबान विमानतळाला कशी नेणार होते? एस-बानच्याच रुळांवरून, एस-बानच्याच बुटक्या भुयारी स्टेशनात, खास सवलत घेऊन. तेव्हा तुझ्यासारखेच लोक म्हणत होते सगळं व्यवस्थित आहे, विरोधकांना काय कळतं. मग एका दिवशी तो आराखडा गुंडाळला आणि त्याहून चांगला काढला. विरोध झाला नसता तर आज तुझ्या एस-बानच्या मागे झुरिकची लांब पल्ल्याची आयसी गाडी उभी राहिली असती, आणि तू इथे धागा काढला असतास.

फिल्डरचा_मिल्या

बरं बाबा, विरोधकांचे उपकार. हार घेऊन येतो फॉयरबाखला.

ठीक. "काही महिने" वरून "काही वर्षं" झालं ही फसवणूक आहे, एवढं मान्य. आमच्या फिल्डरच्या एस-बानलाही बोगदा बंद पडला की वरचा रस्ता लागणार, हेही मान्य, त्याबद्दल मी विचार केला नव्हता असं नाही, पण लिहिलं नव्हतं. बाकी एकही शब्द मागे घेत नाही. होर्बवाल्याला फायहिंगनला उतरून समोरच्या फलाटावर जायचंय, हिमालय चढायचा नाहीये.

होर्बवाला

समोरचा फलाट? बाबागाडी घेऊन ये एकदा. एका स्टेशनावर, नाव नको, लिफ्टला "आउसर बेट्रीब" (बंद आहे) अशी चिठ्ठी इतके दिवस होती की चिठ्ठीचाच रंग उडाला. मी पोराला कडेवर घेतलं, बायकोने बाबागाडीची पुढची चाकं, मागची चाकं एका अनोळखी तुर्की काकांनी. खाली आलो तेव्हा गाडी दारं लावत होती. तू म्हणशील पाच मिनिटांनी दुसरी आहे. आहे ना. पण माझी परतीची पाच मिनिटांनी नसते. संध्याकाळी एस-बान पाच मिनिटं रेंगाळली की फायहिंगनहून होर्बची गाडी गेलेली असणार, आणि मग तासाने पुढची. बदल पंधरा मिनिटांचा नसतो, चुकलेल्या गाडीचा असतो. हे ज्याची गाडी कधी चुकत नाही त्याला कळणार नाही.

सुमनकाकू_डेगरलोख

हे मात्र खरं. मिल्या, याला उत्तर दे.

फिल्डरचा_मिल्या

काकू, फायहिंगनला गॉयबानच्या गाडीने एस-बानची दहा मिनिटं वाट बघावी, एवढी सोय वेळापत्रकात करता येते.

रूळवेडा

एका रुळावर? पुढे होर्बच्या पलीकडे समोरची गाडी ताटकळत असेल तिचं काय करायचं? तू दहा मिनिटं थांबलास की ती दहा, मग झिंगनची जोडगाडी गेली, आणि झुरिककर पॉपकॉर्न संपवून मोकळे.

झुरिककर

संपले कधीच.

कट्टर_कोथरूड

एक सुचवतो. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. आपल्या लोकलवाल्यांना इथे बोलवा, एकेरी रुळावर दुहेरी गर्दी कशी चालवायची ते शिकवतील. हलके घ्या.

रूळवेडा

मुंबईला चार-चार, सहा-सहा रूळ आहेत हो. एकेरी रूळ आणि समोरच्या गाडीची वाट बघणं शिकायचं तर कोकण रेल्वेवाले बोलवा. ते मात्र लगेच म्हणतील, आधी दुसरा रूळ टाका.

होर्बवाला

हेच तर म्हणतोय पहिल्या पोस्टपासून. आधी दुसरा रूळ, आधी बोगदा, मग काय तोडायचं ते तोडा. मिल्या, पुढच्या ग्रुप मीटला तू होर्बला ये. गाडीने. फायहिंगनला मुद्दाम उतर, सामान घेऊन, आणि परत चढ. जेवण माझ्याकडे.

फिल्डरचा_मिल्या

येतो. कारने.

नवी_आलेली

नमस्कार, मी श्टुटगार्टला नुकतीच आले आहे. वरचं सगळं वाचलं, बरंच कळलं नाही. आई-बाबा आलेत, शनिवारी त्यांना झुरिक दाखवायचं आहे. माझं डॉइचलांडतिकीट, म्हणजे लोकल-प्रादेशिक गाड्यांचा महिन्याचा पास, आयसीत चालतं का? आणि गाडी अजून हाउप्टबानहोफहून सुटते ना?

रूळवेडा

अजून सुटते. गॉयबानवर आयसीतही झिंगनपर्यंत चालतं, ही इथली खास सवलत. झिंगनच्या पुढचं तिकीट मात्र वेगळं काढा, आई-बाबांचं सगळंच वेगळं. डावीकडच्या खिडक्या पकडा, फायहिंगनपर्यंत खाली सगळं शहर दिसतं. शाफहाउझननंतर फोनवर पुन्हा "जर्मनीत स्वागत आहे" असा मेसेज आला तर घाबरू नका. गाडी येश्टेटनला थोडा वेळ परत जर्मनीतून जाते.

फिल्डरचा_मिल्या

आणि परतीला शेवटच्या गाडीवर विसंबू नका. एक आधीची पकडा.

होर्बवाला

हे मिल्याने लिहिलंय, याची नोंद घ्यावी.